कणकेवर घेतलेलं माप

मु. तलवाडा, ता. गेवराई

तीर्थरूप कडूअक्कास,
धाकट्या बद्रीनाथचा वाकून दंडवत.

इकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून. (तसा मीही बराच आहे, पण पत्राला थोडं वजन यावं म्हणून लिहिलं.) तुझे गुडघे काय म्हणतात? धारूरचा उतार उतरताना काठी टेकतेस, की ती अजून शेळ्या हाकायलाच वापरतेस? अंगदला सांग, मामा विचारत होता, आईला बाजाराला पायी का नेतोस? त्याला पत्रात रागावता येत नाही, म्हणून तुझ्यामार्फत रागावतो आहे.

आता माझी कर्मकहाणी. गेल्या महिन्यात दिंद्रुडच्या बाजारात मी गायरानावर बोलायला उभा राहिलो. आपल्या गायरानाचा वरचा तुकडा सरपंच शहादेवला गोदामासाठी हवा आहे, हे तुला ठाऊक आहेच. मेंढरांनी चरायचं कुठे, असा सवाल मी छाती काढून केला आणि त्याच झोकात माझी वरची कवळी तोंडातून निघाली ती समोरच्या बाईच्या लाल मिरच्यांच्या पाटीत जाऊन पडली. मी डगमगलो नाही. उचलली, धोतराला पुसली, घातली आणि बोलत राहिलो. पुढची दहा मिनिटं माझ्या डोळ्यांतून अशा धारा लागल्या की म्हणून सांगू नये! लोकांना वाटलं, गायरानाच्या दुःखाने म्हातारा रडतो आहे. बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. आपला म्हाळू मेंढके गळ्यात पडून म्हणाला, ‘‘दादा, लई रडिवलंत.’’ अक्का, त्या दिवसाइतक्या टाळ्या मला चाळीस वर्षांत पडल्या नाहीत, आणि त्या दिवसाइतकी लाजही कधी वाटली नाही. मिरचीच्या आसवांवर उभी राहिलेली चळवळ मला नको होती. मी ठरवलं, आता पक्के दात बसवायचे.

बीडला डॉक्टर मंजुषा म्हणून एक तिशीची पोरगी आहे. हाडात खिळे रोवून त्यांवर दात बसवते. (खिळे हा माझा शब्द. ती इम्प्लांट म्हणते.) तिने मला कॉम्प्युटरवर माझाच जबडा दाखवला. एकही दात नसलेला, उजाड, आपल्या बालाघाटाच्या माळासारखा. ती म्हणाली, तोंडात चार दात असते तर खिळ्यांची भोकं नेमकी पाडायला घालतात तो साचा त्यांना धरून पक्का बसला असता. तुमच्या तोंडात धरायला काहीच खूण नाही, साचा मऊ हिरडीवरच टेकणार. म्हणून आधी कवळी घालून फोटो काढायचा, मग नुसत्या कवळीचा काढायचा, त्यावरून कॉम्प्युटर खिळ्यांच्या जागा ठरवतो, साचा तयार होतो आणि साच्याच्या भोकांतूनच सहा खिळे जातात. मी उलटतपासणीला सुरुवात केली. म्हटलं, तुमचं यंत्र चुकतं किती? माझी समजूत होती की ती छाती ठोकून ‘अजिबात नाही’ म्हणेल आणि मग मी तिला सोलून काढीन. ती शांतपणे म्हणाली, एखाद-दीड मिलिमीटर इकडेतिकडे होतं, खिळा तीन-चार अंश कलूही शकतो, बिनदाताच्या जबड्यात जास्त जपावं लागतं. अक्का, एवढी पुस्तकं वाचली, एवढे पुढारी अंगावर घेतले, पण आपली चूक आधी सांगून मग कामाला हात घालणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं.

आणि अशा खऱ्या पोरीला मी फसवलं.

आता जे लिहितो ते अंगदला वाचून दाखवू नकोस. (तोच तुला पत्र वाचून दाखवत असेल, तर अंगद, तू हा परिच्छेद सोड.) बारा वर्षं झाली, माझी कवळी ढिली आहे. भाषणाच्या दिवशी तुझी भावजय छबू कणकेची छोटी गोळी करून देते, ती मी कवळीखाली दाबतो. दिंद्रुडला उन्हाने गोळी वाळली, म्हणून तो प्रकार झाला. फोटोच्या दिवशीही मी सवयीने गोळी लावूनच गेलो. डॉक्टरणीने विचारलं, कवळी घट्ट बसते ना? मी बाणेदारपणे म्हणालो, शिलालेखासारखी! दुसऱ्या फोटोसाठी कवळी काढली तेव्हा गोळी जिभेने सोडवून गिळून टाकली. कॉम्प्युटरला काय कळणार? त्याला कणिक आणि हिरडी सारखीच दिसली.

ऑपरेशनच्या दिवशी साचा तोंडात घातला तर तो डुगडुगू लागला. तिने दोनदा बसवून पाहिला, तीनदा पाहिला. तोंड बधिर केलेलं, सगळी तयारी मांडलेली. दुसऱ्या कुणी दाबून काम उरकलं असतं. तिने हातमोजे काढले आणि म्हणाली, काका, मापात काहीतरी खोट आहे, मी भोक पाडणार नाही. तेवढ्यात दारातून छबू म्हणाली, ‘‘आवं, तुमी कणकेचं सांगितलंच न्हाई व्हय?’’ सगळा दवाखाना हसला. ती पोरगी मात्र माझा हात धरून म्हणाली, यंत्र चुकलं नाही काका, त्याने कणकेचंच माप अगदी बरोबर घेतलं.

आता नवी कवळी, नवा फोटो, नवा साचा. ढिल्या कवळीने हिरडी सोललेली निघाली, म्हणून महिनाभर कवळी घालायची नाही. मी ठीक आहे. काळजी करू नकोस.

तुझा,
बद्री

ता. क. काळजी एका गोष्टीची आहे. येत्या गुरुवारी सकाळी दहाला गायरानाची मोजणी आहे. मोजणीवाले उपग्रहावर चालणारं यंत्र आणणार आहेत, ते बोटभरही चुकत नाही म्हणे. पण हद्दीचे दगड रातोरात उपटले गेले आहेत आणि ‘पहिला दगड इथे होता’ हे शहादेव दाखवणार आहे. यंत्र तिथूनच अगदी बरोबर मोजेल. कणकेवरून मोजलं तसं. लग्न होईपर्यंत तू तिथे मेंढरं राखलीस. ते सातही दगड कुठे होते, हे जिवंत माणसांत तुला एकटीलाच माहीत आहे. मी चाळीस वर्षं गायरानावर बोललो. मला एकाचीही जागा सांगता येत नाही. ये. गाडी पाठवतो.

ता. क. दुसरा. तू म्हणशील, चार लोकांत मी बोळकी म्हातारी काय बोलू. तुझे दात माझ्या आधी गेले, पण तू ते कधी लपवले नाहीस, आणि तुझा शब्द मात्र कधी हलला नाही. बोलूही नकोस. नुसती चालत जा आणि काठी टेकत जा, इथे, इथे, इथे. म्हाळू चुना टाकत मागून येईल. मी तुझ्या शेजारी उभा राहीन. कवळीशिवाय.