नळावरचा भाग

आई, आज अनुदान समितीत, मुलाखतीच्या टेबलापलीकडे मी बसले होते, आणि दिवसभर मनातल्या मनात तुझ्याशीच बोलत होते.

बाबा रेल्वेतून निवृत्त झाले, आपण इथंच, हिंदी मुलखात, मुरलीपुऱ्यात राहायला आलो, तेव्हाची गोष्ट. जुन्या रेल्वे कॉलनीतल्या आपल्या बायकांच्या आठवणी तू टेपवर घेत होतीस. एक संस्था स्थानिक इतिहासाच्या पुस्तकांना अनुदान द्यायची, तिथं तू अर्ज केलास. सगळ्यात जास्त बोलल्या होत्या त्या शेजारच्या मावशी. त्यांना कॅन्सर झाला होता. "माझ्या डोळ्यांदेखत होईल ना गं पुस्तक?" एवढंच त्या विचारायच्या.

मुलाखतीला तुझ्यासोबत मी आले होते. अध्यक्ष फार गोड बोलत होते. "मैडमजी, जयंती का जुलूस, खाना-पीना, सब बढ़िया है. बस वो नल वाला हिस्सा निकाल दीजिए. मंज़ूरी पक्की समझिए."

नळावरचा भाग म्हणजे, इतरांचं पाणी भरून होईपर्यंत आपल्या बौद्ध बायकांना लांब उभं करायचे तो. मावशींची भरलेली घागर एकदा कुणीतरी लाथाडली होती, तो. टेबलाखाली मी तुझा पदर ओढते आहे. हो म्हण, आई, मावशींसाठी तरी हो म्हण. तू टेपरेकॉर्डर पिशवीत ठेवतेस आणि म्हणतेस, "जिनकी घागर थी, उनसे पूछना पड़ेगा."

तशीच तू मावशींच्या खाटेपाशी गेलीस. काही न लपवता सगळं सांगितलंस. "वाचून दाखव तो भाग," त्या म्हणाल्या. तू वाचलास. त्यांनी डोळे मिटून ऐकला. "एक शब्द काढू नको. नाही झालं पुस्तक तर नाही."

अनुदान गेलं. पुढच्या जयंतीला तू झेरॉक्स काढून, दोऱ्यानं शिवून प्रती वाटल्यास. मावशी तोवर राहिल्या नव्हत्या. त्यांच्या सुनेनं अडखळत, हिंदी वळणाच्या मराठीत तो भाग मंडपात वाचला, आणि तू मागं जाऊन उभी राहिलीस.

आज विद्याधर नगरची एक मुलगी आली होती. आपल्या आजीच्या वस्तीवर लिहिते. तिलाही आमच्या समितीनं एक प्रकरण गाळायला सांगितलं. मी भांडले. आवाज चढला माझा. शेवटी त्या प्रकरणासकट मंजुरी द्यायची का, यावर मतं घेतली आणि मी एकटी पडले. तिचा प्रस्ताव नामंजूर झाला.

तू आता नाहीस, हे पाठवणार कुठं, म्हणून खरं तेच लिहिते. बाहेर पडले तेव्हा मला आनंद झाला होता, आई, की मी तुझ्यासारखी वागले. त्या मुलीला मी काही विचारलंच नव्हतं, आणि तिचं आता काय होईल, हे पार घरी पोचल्यावर मनात आलं.