उकारान्त गाढव

मुक्काम गेवराई,
चैत्र वद्य तृतीया, शके १८४९

राजश्री बद्रीनाथपंत, अहलकार, तहसील कचेरी, मुक्काम आष्टी, यांसी आप्पाशास्त्र्याचा नमस्कार.

येथील सर्व मंडळी खुशाल. तेथील खुशाली कळवीत जावी, असे यापुढे लिहिण्याची रीत आहे. पण अकरा वर्षे तू कळवली नाहीस आणि मी विचारली नाही, तेव्हा ते वाक्य या खेपेस गाळतो. गेवराईहून आष्टी चार मुक्कामांवर. काशीस गेलेल्या माणसांचीसुद्धा पत्रे याहून लवकर येतात.

माझे अक्षर ओळखून तू पाकीट तसेच फडताळात टाकशील अशी भीती होती, म्हणून वरचा पत्ता शाळेच्या मास्तरांकडून लिहवून घेतला आहे. आता फोडलेच आहेस तर वाच. आणि मोठ्याने वाचण्याची तुझी जुनी खोड अजून असेल तर सुभद्रावहिनींनाही माझा नमस्कार आयताच पोचेल.

आपले इतिहास मंडळ अजून जिवंत आहे. तुझ्यामाझ्याखेरीज आरंभीच्या मंडळींपैकी चौघे आहेत, त्यांतल्या दोघांना ऐकू येत नाही, त्यामुळे माझ्या व्याख्यानांना तेच सर्वांत मन लावून बसतात. अवसेला बैलांना सुट्टी असली तरी शेतकरी मंडळी आपल्यासाठी गाडी जुंपतात आणि आपण कुठल्या तरी पडक्या गढीची माती अंगाला लावून परत येतो. मागच्या अवसेला नारायणगडाच्या वाटेवर एक वीरगळ सापडला. तो धुवायला पाणी नव्हते. तात्याबा गुरवाने आपला ताकाचा तांब्या ओतला. तू असतास तर म्हणाला असतास, ‘आप्पा, वीराला पहिल्यांदा ताक मिळालं, आता तरी खरं बोलंल.’

रामनवमीला प्रदर्शनही झाले. लोकांनी रुमालात बांधलेले मोडी कागद आणले, तलवारी आणल्या. देशमुखांनी खर्ड्याच्या लढाईतला म्हणून तोच अडकित्ता यंदाही मांडला. बायडाबाई आता फार थकली, तिचा तवा सुनेच्या डोक्यावरून आला. पहिल्या साली ती तवा घेऊन दारात उभी राहिली होती, आठवते? आपल्या मंडळींनी नाके मुरडली. ती म्हणाली, “सासूचा हाय. लई जुना हाय. तलवारीनं कुणाचं पोट भरलं, ह्यानं आमच्या चार पिढ्या जेवल्या. मांडा की!” आणि तू तो दोन्ही हातांनी घेऊन देशमुखांच्या अडकित्त्याशेजारी ठेवलास. वर चिठ्ठी लावलीस: ‘बायडाबाईच्या सासूचा तवा. अंदाजे साठ वर्षे. अद्याप वापरात.’ दिवस मावळायच्या आत भाकरीची वेळ झाली म्हणून ती तो घेऊन गेली, आणि प्रदर्शनातली तेवढीच वस्तू खरोखर कामाला गेली.

चिठ्ठी तीच आहे. साठाचा आकडा मी दर साली खोडून एकेकाने वाढवतो. यंदा चौऱ्याहत्तर केला. बाकीचे अक्षर तुझेच ठेवले आहे.

त्या पहिल्या प्रदर्शनाच्या परवानगीची गोष्ट मी दर वर्षी सांगतो आणि लोक दर वर्षी हसतात. तू उर्दूत अर्ज केलास, ‘जलसा-ए-तारीख.’ पाटील विचारतो, “जलसा समजला, पण तारीख कोणती?” तू म्हणालास, “हीच तारीख. उर्दूत इतिहासाला तारीखच म्हणतात.” तो म्हणाला, “ते राहू द्या पंत, पण कितवी?” आणि जलसा म्हटल्यावर ठाण्याचे अमीनसाहेब अत्तर लावून, दोन शिपाई घेऊन पुढच्या गादीवर येऊन बसले. तासभर त्यांनी ताम्रपटांचे वर्णन सोसले, मग तुझ्याकडे वाकून विचारले, “गाना कब होता जी?” तू शांतपणे माझ्याकडे बोट केलेस. मग काय, मी उभा राहून शिखरिणीत श्लोक आळवले आणि अमीनसाहेब मान डोलावून म्हणाले, “और एक.” माझ्या विद्येला मिळालेली ती एकमेव निखळ दाद. ती तुझ्यामुळे मिळाली, हे मात्र मी गोष्टीत सांगत नाही.

सांगत नाही, असे बरेच आहे.

बद्री, गोदागंगेच्या उतारावरच्या शीतळाआईने खोळ सोडली. पाडव्याच्या सकाळी तात्याबा धापा टाकीत आला. “शास्त्रीबुवा, चला! आईनं शेंदराचं कवच टाकलं! आख्खंच्या आख्खं निखळलं!” गेलो. निम्मे गाव जमले होते. चार बोटे जाडीचा शेंदूर खाली पडला होता आणि दगड जन्मल्यासारखा उघडा उभा होता. वर चंद्रसूर्य, खाली गाढव आणि बाई, मधे सात ओळी अक्षरे. अशी स्वच्छ की, वाचायला चष्मा लागू नये.

“काय लिवलंय?” तात्याबाने विचारले. सगळे माझ्याकडे पाहत होते. ती अक्षरे वाचणारा गेवराईत मी एकटाच उरलो आहे. दुसरा होता, तो आष्टीला आहे. मी म्हणालो, “अक्षरे फार झिजली आहेत. विचार करून सांगतो.”

मंडळाने लगेच ठराव केला. वैशाखी पौर्णिमेस उतारावर मांडव घालून शीतलादर्शनाचा समारंभ, आणि अध्यक्ष या नात्याने आप्पाशास्त्री यांनी शिलालेख वाचून दाखवावा. प्रदर्शनात तसा फळाही लागला. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नाही, आणि तुझी वहिनी समजते की, आमटी बिघडली.

आता मागचे लिहितो. तुला ठाऊक आहे तेवढे आधी, कारण तेवढे लिहिणे सोपे आहे.

अकरा वर्षांपूर्वी तूच त्या दगडावर ओला कागद थापून, काजळीने ठसा घेतलास. तेव्हा शेंदूर पातळ होता. भर सभेत, बीडचे पाहुणे बसलेले असताना, तो उलगडून म्हणालास, “ही देवी न्हाई. हा दानाचा दगड. कुणा राजानं गंगेच्या नावाड्याला जमीन दिली. येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट पार करावं म्हणून. आन् ती जमीन जो काढून घेईल त्याला खाली शिवी कोरलीय, गाढवाची.” आणि बोट ठेवून वाचलेस, “हे बघा. ‘गाढवु’.”

पाहुणे ठशावर वाकले. त्या दिवशी पाहुण्यांपुढे शीतलेवर दोन घटका बोलण्याची मी तयारी करून आलो होतो. शीतला रासभवाहना, म्हणजे गाढवावर बसणारी, हे पुराणात आहे. दगडावर गाढव आहे, बाई आहे. मग आणखी काय हवे? पंधरा श्लोक पाठ केले होते. ते वाया जाणार होते. मी उठून म्हणालो, “गाढवु? पंत, हे उकारान्त गाढव कोणत्या कुरणात चरते? पाणिनीला तर ते कधी दिसले नाही.”

पाहुणे हसले. मग सगळेच हसले. तू म्हणालास, “दगडावर उकार हाय, आप्पा. मी काय करू?”

मी तिथे थांबायला हवे होते. पण हशा हे वाईट व्यसन आहे, तपकिरीहून वाईट. मी म्हणालो, “काही करू नका. या विषयात आपणच गर्दभाचार्य, आपला शब्द प्रमाण.” ते नाव चार दिवसांत पेठेत गेले, आठ दिवसांत कचेरीत. तुझ्या मागून पोरे रेकायला लागली. पंधरवड्यात तू आष्टीची बदली मागून घेतलीस.

एवढे तुला ठाऊक आहे. पुढचे ठाऊक नाही.

सभेनंतर आठव्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे वडिलांची जुनी पोथी म्हणत होतो. ‘देवु’ म्हटले, ‘लोकु’ म्हटले, ‘गावु’ म्हटले आणि थबकलो. बद्री, जुन्या मराठीत असल्या पुल्लिंगी शब्दांच्या शेपटीला उकार आहे. लहानपणापासून रोज सकाळी मी तो म्हणत आलो. देवाला उकार चालला, गावाला चालला, गाढवाला तेवढा नाकारला. संस्कृत शिकलेल्या माणसाला आपली भाषा दिसत नाही, हे संस्कृतात कुठे लिहिलेले नाही, म्हणून मला ठाऊक नव्हते.

पंचा खांद्यावर टाकून एकटाच उतारावर गेलो. नखाने शेंदूर खरवडला. ‘गा’. ‘ढ’. ‘वु’. उकार असा ठसठशीत होता की, माझे नख त्यात बसले.

तू अजून गावातच होतास. तुझ्या घरापर्यंत शंभर पावले. मी काय केले? तात्याबाकडून शेंदूर आणि तेल मागून घेतले, आणि स्वतःच्या हाताने त्या सात ओळींवर दोन बोटे जाड लेप दिला. तात्याबा भारावून म्हणाला, “शास्त्रीबुवा सोता आईला चढवायलेत!” बायका पाया पडल्या. दगडाच्या की माझ्या, ते मी पाहिले नाही.

तुझी गाडी निघाली तेव्हा मी ओसरीवर पोथी घेऊन बसलो होतो. सुभद्रावहिनींनी मागे वळून पाहिले. तू पाहिले नाहीस. मी पान उलटले. कोणते, ते आजही सांगता येणार नाही.

मंडळ काढले त्या दिवशी तू एकच नियम मांडला होतास: दगडावर असेल तेच वाचायचे, मनातले वाचायचे नाही. आपण दोघांनी त्यावर पानविडा दिला-घेतला होता. दिलेले जो मोडील त्याला काय व्हावे, ते त्या दगडाच्या सातव्या ओळीत आहे. तपशील लिहीत नाही, कारण हे पत्र सुभद्रावहिनींच्या कानी पडत असेल.

काल जेवताना हे सगळे तुझ्या सरस्वतीवहिनीला सांगितले. ती वाढता वाढता थांबली. तुला ठाऊकच आहे, दर श्रावणात शीतळासप्तमीला आमची अख्खी आळी चूल न पेटवता शिळे खाते, उतारावर दहीभाताचा नैवेद्य नेते. ती म्हणाली, “म्हणजे अकरा वर्षं आम्ही शिळं खाल्लं ते शिवीपुढं?”

मी म्हणालो, “होय.”

“आन् तुम्हाला माहीत होतं.”

“होय.”

तिने भाताचे पातेले पुढे ओढले. मग माझ्या पानात भात वाढून म्हणाली, “मी हात जोडले ते आईला जोडले, ते तिला पोचले. तुमच्या दगडाचं तुम्ही बघा. पण देवीचं लोकांना काय सांगायचं ते मागून ठरवा. आधी भावजींना लिहा.” पातेले झाकत म्हणाली, “इतकी वर्षं कशापायी गप बसलात?”  पंधरा श्लोक अजून पाठ आहेत, पण त्यांत याचे उत्तर नाही.

म्हणून लिहितो. वैशाखी पौर्णिमेस ये. तो काजळीचा ठसा तू टाकला नसशील; तू बायडाबाईचा तवा टाकला नाहीस, ठसा कसा टाकशील? घेऊन ये. मांडवात तू उभा राहा आणि ‘गाढवु’ वाच. मी समोर बसेन, त्या दोन बहिऱ्यांच्या मधे, आणि ऐकेन. तू आला नाहीस तर मी वाचीन, आणि आधी सांगेन की, हे वाचन बद्रीनाथपंतांचे आहे, अकरा वर्षांपूर्वीचे, आणि त्यावर शेंदूर कोणी फासला. दोन्ही तऱ्हेने ते वाचले जाईल. पण तुझ्या तोंडून वाचले गेले तर दगडालाही बरे वाटेल.

तात्याबाला मात्र मी आजच सांगितले. तो दगडाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “फुकट पार करायचं म्हनून जमीन दिली व्हय? मग ते तरी आईचंच काम की हो.” 

बीडपर्यंत मी स्वतः गाडी घेऊन येतो. कोणत्या दिवशी ते कळव, किंवा कळवू नकोस; पौर्णिमेच्या आधी तीन दिवस मी बीडच्या वेशीपाशी बसलेला असेन. ओळखू येईन. पोट सुटले आहे, शेंडी पांढरी झाली आहे, जीभ मात्र होती तिथेच आहे, तिला या खेपेस कामाला लावले आहे.

एक पदवी मी तुझ्या नावावर चढवली होती. ती चुकीच्या पत्त्यावर गेली. अकरा वर्षे तू ती सांभाळलीस, आता परत मागवून घेतो. खाली सही केली आहे. शेवटचा उकार नीट पाहा, चुकून पडलेला नाही.

तुझा,
गर्दभाचार्यु