चार कोरे गुरुवार

३ फेब्रुवारी, मंगळवार
नियमांचा कागद माझ्याच गळ्यात पडला! सुतारदादा बैठकीत म्हणाले, "हिचं अक्षर चांगलं, आणि हिला झोपेतही कामं दिसतात. लिहू दे हिलाच." सगळे हसले. मीही हसले. बारा बिऱ्हाडं, एक स्वयंपाकघर, एक बाग — कोणाकडून किती कामाची अपेक्षा धरायची, हे मी लिहायचं? मी तर अजून कच्ची सदस्य. पक्क्या सदस्यांचे ॲप्रन स्वयंपाकघरात खुंट्यांवर टांगलेले असतात, शिवणमावशींनी मापं घेऊन शिवलेले. माझी खुंटी रिकामी.

५ फेब्रुवारी, गुरुवार
दुपारचं एकत्र जेवण. अडीचला भांडी घासून कामावर गेले.

६ फेब्रुवारी
मसुदा झाला. 'प्रत्येकाने महिन्याला सहा तास. काम झालं की तक्त्यावर स्वतः खूण करावी. चार खाडे झाल्यास सदस्यत्वाचा फेरविचार.' शेवटचं वाक्य तीनदा खोडलं, चौथ्यांदा ठेवलं.
आई म्हणायची, "सांगितल्यावर केलं, ते अर्धंच काम." आमच्याकडे ताट उचल म्हणून कोणी सांगत नसे. सांगायची वेळ आलीच तर आईचा तो चेहरा! त्यापेक्षा ओरडा परवडला असता.

१० फेब्रुवारी, मंगळवार
कागद मंजूर. लगेच गेल्या महिन्यापासूनचा तक्ता काढला. शिवणमावशींच्या रकान्यात चार गुरुवार कोरे! भांड्यांचा वार त्यांचा. त्या आज आल्या नव्हत्या. कोणीतरी म्हणालं, "वय झालंय त्यांचं." सुतारदादा म्हणाले, "नियम आजच केला आणि आजच वाकवायचा?" मग माझ्याकडे वळून, "तू लिहिलास, निरोपही तूच दे."
गुरुवार त्यांचा होता? मी कधी पाहिलंच नाही. भांडी दिसली की घासत होते.

११ फेब्रुवारी
त्यांच्या दारापर्यंत गेले. आत मशीन चालू होतं. परत आले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
आज रजा काढून पावणेचारला गेले. आणि जाण्याआधी — सवय मेली! — भांडी घासूनच गेले.
मावशी पदर खोचत होत्या. "निघालेच होते खाली. पण झाली असतील म्हणा."
"म्हणजे?"
"चारला मी जाते तर भांडी लखलखीत, पालथी घातलेली. दुसऱ्याच्या कामावर मी खूण कशी करू गं? माझा हात पसंत नसेल कुणाला. तोंडावर सांगवत नाही, म्हणून उरकून टाकतात. भाच्याला खोली बघायला सांगितलीय मी."
माझ्या हातांना साबणाचा वास येत होता. हात मागे घेतले. निरोप दिला नाही. खरंही सांगितलं नाही. भित्री!

१५ फेब्रुवारी
त्या कामाची खूण मी कधी केली नाही, मिरवल्यासारखं दिसेल म्हणून. मिरवले असते तर बरं झालं असतं.
सांगितलं तर मला ठेवतील? नाही सांगितलं तर मावशी जातील.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
सांगितलं. सगळ्यांसमोर, मावशींसमोर. चार नव्हे, गेला धरून पाच गुरुवार. ते खाडे माझ्या नावावर लावा, म्हटलं.
मग मावशी, "ती तू होय? कढईचा तळ काळाच ठेवतेस गं बाई!"
सुतारदादा हसले, पण कागद पुढे सरकवला. मी लिहिलं, 'दुसऱ्याचं काम त्याला न विचारता करू नये. केल्यास तो खाडा.' आता माझाच फेरविचार, पुढच्या मंगळवारी, सहा वाजता.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
अडीच. कढई, तीन पातेली, ताटांचा ढीग. हात लावला नाही. खरकटं मागे टाकून निघाले — जन्मात पहिल्यांदा.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
पाचलाच मावशी दारात. गळ्यात मापाची टेप. "हात वर कर."
"पण मावशी, अजून बैठक व्हायचीय!"
"होऊ दे की. खिसा मोठा ठेवते. गुरुवारी हात त्यातच ठेवायचे."