हालचाल आढळली

९ जानेवारी
आज नववीच्या वर्गात पुन्हा वाजला! फोन पर्समध्ये, पर्स खुर्चीला, आणि ऐन प्रमेय सुटत आलेलं असताना — टिंग. 'अंगणात हालचाल आढळली.' मधल्या सुट्टीत उघडून बघते तर आईची कोंबडी. पोरं फिदीफिदी हसली ते वेगळंच.

भावाचं, ऋषीचं काय जातंय, सुट्टीवर आला, आष्ट्याच्या घराला कॅमेरा बसवला आणि परत जम्मूला गेला. युनिटमध्ये फोन जवळ ठेवता येत नाही, म्हणून सगळं माझ्या बोकांडी. तक्रार तरी कोणत्या तोंडाने करू? दिवाळीनंतर आई चक्कर येऊन अंगणातच पडली. शेजारच्या चांदबीकाकींच्या नजरेस पडली म्हणून निभावलं. मी इथे सांगलीत, मला पत्ताच नाही. तेव्हापासून फोन बंद ठेवायची छाती होत नाही.

१२ जानेवारी
रविवार सेटिंगमध्ये गेला. संवेदनशीलता 'जास्त' होती, ती 'कमी' केली. दोरीवरचं लुगडं आणि पेरूचं झाड चौकटीबाहेर काढलं — बोटाने रेघ ओढायची, बस. स्वतःवर जाम खूश!

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ द्यायला अख्खी गल्ली आमच्या अंगणात. फोन तापला नुसता. पण आई हसताना दिसली. आज सगळं माफ.

१७ जानेवारी
आता 'फक्त माणसं' करून ठेवलंय. कोंबड्या, कुत्री, उसाच्या ट्रॅक्टरचा धुरळा — सगळे गप्प. पण माणसंच किती ती! बोअरच्या नळाला जायची जवळची वाट आमच्याच अंगणातून. त्यात चांदबीकाकी — घागर नेताना एकदा, आणताना एकदा, मग आईशी बोलायला, मग बोलता बोलता विसरलेली घागर न्यायला!

२० जानेवारी
मुख्याध्यापकांनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही, तरी लाज वाटली. घरी आले आणि सरळ फोनवरूनच कॅमेऱ्याचं बोलायचं बटण दाबलं. स्क्रीनवर काकी अंगणातच होत्या, आईजवळ. अगदी गोड आवाजात म्हटलं, "काकी, जरा पलीकडच्या बाजूनं जात जाल का? सारखा फोन वाजतो माझा." त्यांनी आधी आईकडे बघितलं, मग वर छपराकडे. "व्हय बाय, जाते की," म्हणाल्या.
यात काय वाईट? विनंतीच तर केली.

२१ जानेवारी
निवांत.

२७ जानेवारी
इतकी शांतता कधी अनुभवलीच नव्हती! तास नीट होतायत. स्टाफरूममध्ये मी आता कॅमेऱ्यातली तज्ज्ञ. मुजीबसरांनी त्यांच्या सासऱ्यांच्या घरचं सेटिंगही माझ्याकडूनच करून घेतलं.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे आईला फोन. बरी हाय, जेवली, काय न्हाई बाकी. पूर्वी गल्लीतल्या बातम्या सांगता सांगता मलाच ठेवायला लावायची. हल्ली तीच आधी ठेवते. थंडीने आळसावली असेल.

१ फेब्रुवारी
आज एकदम खटकलं. पाणी तर सगळ्यांनाच लागतं, मग अंगणात कुणीच कसं नाही? काकींना फोन लावला. त्यांच्या लेकीने, फिरदोसने उचलला. आधी नुसतं हो-नाही करत राहिली, मग हळूच म्हणाली, "अम्मी मागच्या बोळानं जाते आता. सगळ्याच बायका तिकडनं जात्यात. कॅमेरा बोलतो म्हनून."

म्हणजे सेटिंगचा काही संबंधच नव्हता. ती वाट आजोबांच्या आधीपासूनची. भांडणं झाली, जमिनीची वाटणी झाली, तरी ती कुणी कुणाला बंद केली नाही. मी केली — सांगलीत सोफ्यावर बसून, गोड आवाजात! फार वाईट वाटतंय. उद्या रविवार. सकाळच्या गाडीने जाऊन काकींच्या पाया पडते.

२ फेब्रुवारी
आष्टा. अंगणात पाचोळा पडलेला. समोरच्या दाराला आतून कडी. हाका मारल्या, तेव्हा आई भिंतीला धरत धरत घराला वळसा घालून मागून आली.
म्हणाली, "मी बी मागल्याच दारानं जाते-येते, क्रांते. शाळंत तुझा फोन वाजाय नगं."