चारशे नव्व्याण्णव म्हणजे मंगळ

मी, जयमाला हिंमतराव उमरकर, वय त्रेपन्न, राहणार जळगाव जामोद, जिल्हा बुलढाणा, माझ्या मागे कोणी माझ्या तोंडी नसते शब्द घालू नयेत, या कारणे हे मृत्युपत्र लिहून ठेवते. आजार पोटाचा आहे, डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर आज कोणाचा दाब नाही. दाब टाकणारे होते, त्यांचा उल्लेख कलम चारमध्ये येईल.

१. माझे यजमान हिंमतराव आमच्या संत्र्याच्या बागेत मोटारीचा शॉक लागून वारले. मला एकच अपत्य, मुलगी अर्पिता, वय चोवीस. तेराव्या वर्षी तिच्या डोक्यात गाठ निघाली. ऑपरेशनने जीव राहिला, पण दृष्टीची नस सुकली. तिला काहीही दिसत नाही. हे मीच लिहून ठेवते, कारण उद्या हेच कारण पुढे करून तिचा हक्क नाकारला जाईल.

२. माझे राहते घर मी कॉलेजात कम्प्युटर शिकवून, स्वतःच्या पगारातून बांधले. ते अर्पिताला मिळावे. शेताच्या सातबाऱ्यावर आम्हा दोघींची नावे आहेत. त्यातला माझा हिस्साही तिलाच. बाग कसावी की ठोक्याने, म्हणजे वर्षाच्या खंडाने, द्यावी, ते तिने ठरवावे. आंधळ्या माणसाची सही चालत नाही, असे मला एका सरकारी कचेरीच्या खिडकीवर ऐकवले गेले आहे. चालते. तिथे मी कायदा वाचून दाखवला होता, यापुढे ती दाखवेल.

३. आम्ही दोघींनी केलेला प्रोग्राम. तो कसा झाला हे सांगणे भाग आहे.

लहानपणी अर्पिता गच्चीवर झोपायची ती केवळ आभाळासाठी. दृष्टी गेल्यावर वर्षभर तिने आभाळाचे नाव काढले नाही. मग एकदा जेवताना म्हणाली, “मम्मी, आज मंगळ कुठी आहे, पाहून सांग ना.” मी ग्रहांची स्थाने सांगणारे एक सॉफ्टवेअर उतरवून घेतले. त्यात ग्रहांना नावे नव्हती, नंबर होते. पडदा वाचून दाखवणारा आवाज बोलत सुटला: तीनशे एक, चारशे नव्व्याण्णव, सहाशे सहा.

“हे आभाळ हाय का एसटीचं टाइमटेबल?” अर्पिता वैतागली आणि मशीनलाच दरडावून म्हणाली, “चारशे नव्व्याण्णव कोण बे?”

मी शोधून सांगितले, “मंगळ.”

ती हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

तेव्हापासून आम्ही असा प्रोग्राम लिहायला घेतला की नंबर आला की त्याने मराठीत नाव बोलावे. लिहायची मी, ऐकून चुका काढायची ती. नंबरांतली खुबीही तिनेच पकडली. शेवटी नव्व्याण्णव आले की तो खुद्द ग्रह, आणि एक-दोन-तीन आले की त्याचे चंद्र. “प्लुटोले ग्रहांतून काढलं,” ती एकदा म्हणाली, “पण नऊशे नव्व्याण्णव नंबर त्याचाच ठेवला. त्याचं घर नाही घेतलं कोणी.” हिंमतराव नुकतेच गेले होते आणि बाहेरच्या बैठकीत आमच्या घराचे काय करायचे यावर भाऊबंदांची बोलणी चालली होती.

प्रोग्राम पुरा होत आला होता. अंध मुलांच्या एका शाळेला तो द्यायचे ठरले होते.

४. माझे भासरे, म्हणजे यजमानांचे थोरले बंधू उत्तमराव. माझ्या ऑपरेशनसाठी आम्ही दोघी अकोल्याला होतो, तेव्हा घराची किल्ली त्यांच्याकडे होती. परत आलो त्या दिवशी बैठकीत परके पुरुष बसलेले. मोताळ्याकडचा एक बिजवर, वय सेहेचाळीस, अर्पिताला पाहायला आला होता. माझे टाके ओले होते, मी भिंत धरून उभी राहिले. अर्पिता सवयीने आपल्या टेबलाकडे गेली. तिने हात फिरवला. पुन्हा फिरवला.

“मम्मी, टेबल खाली आहे. काहीच नाही याच्यावर.”

उत्तमराव म्हणाले, “भंगारवाल्याले देल्लं. पाहुण्यायले बसाले जागा नोको? अन् आंधळ्या पोरीले कायले पायजे कम्प्युटर?”

कम्प्युटर गेला होता, आणि प्रोग्रामची दुसरी प्रत ज्यात होती तो हार्ड डिस्कचा डबाही गेला होता. माझ्यासोबत शिकवणाऱ्या समताताईंनी तातडीने भंगाराचे दुकान गाठले. तोवर सगळे फोडून तांबे काढून झाले होते.

अर्पिता पाहुण्यांकडे तोंड करून म्हणाली, “तुमी चहा घ्या अन् जा. मले काम आहे.”

“मोठ्या माणसायसमोर असं बोलते?” उत्तमराव ओरडले.

“मोठे बाबा, तुमी बी चहा घ्या,” ती म्हणाली.

तो उन्हाळा मी खाटेवर काढला. केस गळाले, पाणी पोटात ठरत नव्हते. समताताईंनी एक जुना लॅपटॉप आणून दिला. नंबर आणि नावे अर्पिताला तोंडपाठ होती, पण प्रोग्राम लिहिणारी मी, आणि मला बसवत नव्हते. मी पडून एकेक ओळ सांगायची, ती टाइप करायची. मी ग्लानीत असले की ती एकटीच करून पाहायची, चुकायची, पुसायची. मी मधेच जागी झाले की तेच ऐकू यायचे: मशीनचा चूक दाखवणारा आवाज, तिची शिवी, आणि पुन्हा बोटे. तिला थांब म्हणावे असे मला कितीदा वाटले. म्हटले नाही, कारण तिच्यापाशी दुसरे काय होते? पेरण्या आटोपल्या तेव्हा त्या खोलीतून पुन्हा नावे ऐकू आली. काही माझी होती, काही तिने बदललेली. तिची सरस आहेत.

तो प्रोग्राम आज त्या शाळेत चालतो. आम्ही तो सर्वांसाठी नेटवर मोकळा ठेवला आहे. म्हणून माझी ही मिळकत कोणाच्याही वाट्याला येत नाही, आणि आता ती भंगारातही जाणार नाही.

उत्तमरावांना मी ते रिकामे टेबल देते. त्यांना जागा हवी होती. अर्पिताच्या लग्नाबद्दल त्यांनी कोणाशीही बोलणी करू नये. मी त्यांना माफ केलेले नाही. मरताना माणूस सगळे विसरतो म्हणतात, म्हणून हे आताच लिहिले.

५. माझे डोळे दान करावेत. ते अर्पिताला बसतील का, असे मी डॉक्टरांना विचारले होते. ते म्हणाले, “नसच गेली आहे, मॅडम. डोळे बदलून काही होणार नाही.” मग ज्याला लागतील त्याला द्यावेत. अर्पिताला हे ठाऊक आहे.

६. <s>माझ्या पश्चात अर्पिताचा सांभाळ माझे बंधू मोतीराम, राहणार साखरखेर्डा, यांनी करावा.</s>

हे कलम मी आज खोडले. मसुदा अर्पिताच्या लॅपटॉपने सर्वांसमक्ष मोठ्याने वाचला. इथवर येताच तिने आवाज बंद केला.

“मम्मी, हे काऊन लिहिलं?”

“माह्या मागं तुले कोण पाह्यल?”

“घर मले, वावर मले. अन् मी मामाले? मी काय वाटणीतलं भांडं आहे?”

मोतीराम भला माणूस आहे. साखरखेर्ड्याहून तो याचसाठी आला होता. तोच म्हणाला, “खोड ते, जयमाला. मी येत जाईन. तिनं बलावलं की येईन.”

मी खोडले. पडल्यापडल्या रेघ ओढली, म्हणून ती वाकडी आहे. त्यावरून कोणी शंका घेऊ नये.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अर्पिताने करावी. मला अग्नीही तिनेच द्यावा. स्मशानात तिचा हात धरून ओढायची कोणी घाई करू नये. ती विचारेल, तेव्हाच वाट सांगावी.

मृत्युपत्रकर्ती: सही, जयमाला हिंमतराव उमरकर

आमच्यासमक्ष मृत्युपत्रकर्तीने कलम सहा स्वतःच्या हाताने खोडले आणि सही केली:
१. सही, समता वानखडे, जळगाव जामोद
२. सही, कडूबा तायडे, शेजारी, जळगाव जामोद

ठिकाण: जळगाव जामोद
दिनांक: ९ डिसेंबर २०२४