विंगेतला आवाज

घाटकोपर,
८ जानेवारी २०२४

ती. दादास,
प्रेमाचा सा. न. वि. वि.

चार दिवस फोन करतेय, तू उचलत नाहीस. वनमाला वहिनी म्हणते, हल्ली तुला फोनची कटकट नको असते. म्हणून शेवटी पोस्टाची पायरी चढले. बहात्तराव्या वर्षी नाटकात राजाचं काम करणाऱ्याला खलिताच पाठवायला हवा ना.

तुझा सिद्धेश माझ्याकडे राहायला आलाय. तालमीत तू अडखळलास, विंगेतून त्याने वाक्य दिलं नाही, म्हणून अख्ख्या मंडळासमोर तू त्याला म्हणालास, पुन्हा तोंड दाखवू नकोस. बाप मोठा नट आहे हे तुला सहन होत नाही, असंही म्हणालास. दादा, पोरगं चौतीस वर्षांचं आहे. मी विचारलं, वाक्य दिलं होतंस की नव्हतंस? तर म्हणाला, आत्या, जाऊ दे ना.

एक सुचवते. आमच्या नाक्यावर कानाचे डॉक्टर बसतात. गिरणीच्या साचेखात्यात, त्या मागांच्या खडखडाटात, तू बावीस वर्षं काढलीस. एकदा दाखवायला काय जातं? आमच्या ह्यांनीही दाखवलं.

चिडलास तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
प्रेमा


कांदिवली,
१५ जानेवारी २०२४

चि. सौ. प्रेमास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. सिद्धेशची वकिली तू करू नकोस. माझे कान शाबूत आहेत. लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, त्याला मी काय करू?

चाळीस वर्षं शोकांतिका बसवतोय. नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगतो, राजाला शत्रू मारत नाही. त्याच्या स्वतःत एक खोट असते. ती पहिल्या रांगेतल्या पोराला दिसते, फक्त राजाला दिसत नाही. आमच्या नाटकात सेनापती फितूर आहे हे दासीलासुद्धा ठाऊक. राजा ऐकत नाही, कारण ऐकलं तर आपण चुकलो हे कबूल करावं लागेल. त्या जागी प्रेक्षक कळवळतात बघ.

सिद्धेशची खोट मत्सर. माफी मागेल तेव्हा बघू. नाट्यस्पर्धा अकरा फेब्रुवारीला आहे, पुढे येऊन बस. वनमाला बरी आहे. मी टीव्ही मोठा लावतो म्हणून कुरकुरते, एवढंच.

माया असू दे, सल्ले कमी कर.

तुझा,
दादा


कांदिवली,
२० मार्च २०२४

चि. सौ. प्रेमास आशीर्वाद.

वनमालाला जाऊन सव्वा महिना झाला. स्पर्धा तशीच राहिली. ती मोरीत पडली तेव्हा मी पुढच्या खोलीत राजाचं स्वगत म्हणत होतो. तुम्ही सगळ्यांनी मला समजावलं, ती पडताक्षणी बेशुद्ध झाली, तिच्या तोंडून आवाजच फुटला नाही. मी ते धरून बसलो होतो.

काल शेजारची उत्तरा डबा घेऊन आली. तिने खांद्याला हात लावला तेव्हा मी दचकलो. ती रडायला लागली, काहीतरी बोलत राहिली. मी वही पुढे सरकवली. तिने लिहिलं, काकू अर्धा तास तुम्हाला हाका मारत होत्या. भिंतीपलीकडे मला ऐकू येत होतं. मी दार बडवलं, तुम्ही उघडलं नाहीत. शेवटी माणसं बोलावून कडी तोडली. कडी का तोडावी लागली, हे तेव्हा मी कुणाला विचारलंच नव्हतं.

अर्धा तास, प्रेमा. मोरी माझ्या पाठीमागे दहा पावलांवर आहे.

आणखी एक आहे. हॉस्पिटलात शेवटच्या संध्याकाळी तिने माझा हात धरून काहीतरी सांगितलं. मला ऐकू आलं नाही. पुन्हा विचारायची लाज वाटली, म्हणून मान हलवली. तिने डोळे मिटले. तू पायाशी उभी होतीस. ती काय म्हणाली? मला सांभाळून घेऊ नकोस, जे होतं ते लिही.

दादा


घाटकोपर,
२४ मार्च २०२४

ती. दादास सा. न. वि. वि.

तीन कागद फाडले. आता लिहितेच.

वहिनी म्हणाली, सिद्धेशला घरी बोलवा. त्याने त्या दिवशी वाक्य दिलं होतं, तीनदा दिलं होतं, सगळ्या मंडळाने ऐकलं. एवढं माझं ऐका. आणि तू मान हलवलीस. ती समाधानाने झोपली.

मलाही वाटलं, तू हो म्हणालास. बाहेर येऊन मी सिद्धेशला सांगितलं, बाबा तुला बोलावणार आहेत. तो तेराव्यापर्यंत तुझ्या घरात वाट बघत वावरला. निघताना त्याने विचारलं, बाबा, मी थांबू का? तू खिडकीबाहेर बघत राहिलास. तो बॅग उचलून गेला.

दोष एकट्या तुझा नाही. तुझं जानेवारीतलं पत्र आलं त्याच दिवशी सिद्धेशने मला खरं सांगितलं आणि शपथ घातली. बाबांना ऐकू येत नाही हे बाहेर गेलं तर त्यांचं नाटक सुटेल, आणि नाटकाशिवाय ते जगणार नाहीत, असं म्हणाला. वहिनीलाही तीच भीती. तुझा मान राखायला आम्ही सगळे गप्प राहिलो. त्या मोरीत ती एकटी पडली, त्यात माझंही गप्प राहणं आहे.

सिद्धेश आता मनोरीला मित्राच्या खोलीवर राहतो. पत्ता मागे लिहिलाय.

माझ्यावर राग धर, पण लिहीत राहा.

प्रेमा


कांदिवली,
२९ मार्च २०२४

चि. सिद्धेश,
आशीर्वादाच्या आधी माफी मागतो.

तू वाक्य दिलं होतंस. मला ऐकू आलं नाही. मला ऐकू येत नाही, रे. हे मी आजवर कुणाला म्हटलं नव्हतं, स्वतःलाही नाही. काल मंडळाच्या मुलांना बोलावून सांगितलं. कुणालाच नवल वाटलं नाही. पुढच्या प्रयोगांत राजाचं काम त्यांच्यातला देवव्रत करेल.

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. ते म्हणतात, यंत्राने थोडं येईल, सगळं नाही.

थांबू का, असं तू विचारलं होतंस, ते मला आत्याच्या पत्रातून कळलं. थांब. तुझ्या आईला मी न ऐकताच हो म्हणालो होतो. ते हो खरं करायचं राहिलंय.

घरी ये, समोर बस आणि सावकाश बोल. ओठांकडे बघून समजून घ्यायला शिकतोय. नाही समजलं, तर पुन्हा विचारीन.

तुझा,
बाबा