सात वाजता दोन बादल्या

३ जानेवारी
नवी नोकरी, नवं गाव, नवी वही. वही आईने दिली. तुझ्या डोक्यात काही राहत नाही, निदान कागदावर तरी राहू दे, असं म्हणाली. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, स्वयंपाकघर वेगळं, खिडकी मोठी, आणि नळाला पाणी असं जोरात येतं की पहिल्याच दिवशी शर्ट भिजला.

ऑफिसात आठ टेबलं आणि भिंतभर पडदा. तीन गावांतल्या घराघरातले पाण्याचे मीटर आता हुशार झालेत. कोणी तोंड धुतलं तरी आम्हाला कळतं. दर पंधरा मिनिटांनी आकडा येतो, आणि हवं तर एखाद्या घराचा प्रवाह क्षणाक्षणाला बघता येतो. ज्या घरात पाणी कधीच थांबत नाही तिथे गळती, एवढं साधं काम. साहेबांनी ते समजावायला अख्खा तास घेतला. पाठीमागे सगळे त्यांना गळतीसाहेब म्हणतात, कारण एकदा बोलायला लागले की थांबत नाहीत. माणूस भला वाटला.

७ जानेवारी
तीन गावांत हे नवं गाव तर होतंच, आईचं गावही निघालं. आज यादीत आईचं घर शोधून काढलं. ती एकटीच असते तिथे. सहा दहाला अर्धा लिटर, म्हणजे चहा. सात वाजता सलग चौतीस लिटर, म्हणजे आंघोळीच्या दोन बादल्या. साडेआठला भांडी, संध्याकाळी पाचला कुंड्या. घड्याळ चुकेल, आई चुकणार नाही. मी बराच वेळ नुसता बघत बसलो.

आणि गंमत म्हणजे तिच्याच घरी गळती. तासाला नऊ लिटर, चोवीस तास. संडासाच्या टाकीचा वायसर गेला असणार. लगेच फोन लावला. नेहमीप्रमाणे फोन उचलून म्हणाली की थांब, हात ओले आहेत, पुसते. मग फडक्याची ती खसखस. गळतीचं सांगितलं तर आधी तिला पटेचना. फिटर जाऊन वायसर बदलून आला आणि मीटर शून्यावर आला, तेव्हा शेजारच्या काकूंना सांगत सुटली की मुलगा तिथे बसून मला बघतो.

१९ जानेवारी
ड्युटी सकाळी सहाची, त्यामुळे रोजचा फोन राहून जातो. आज आईला सांगून टाकलं की फोन नसला तरी मला कळतंच. सात वाजता दोन बादल्या दिसल्या की माझा जीव भांड्यात पडतो. ती हसली. बरं, मी नळ उघडत जाईन, तू काळजी करू नकोस, म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली की फोन केलास तरी चालेल हो. मी म्हटलं, करतो की.

११ फेब्रुवारी
महिनाभरात साठ गळत्या पकडल्या. गळतीसाहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली आणि त्यावर अर्धा तास बोलले. आईला शेवटचा फोन कधी केला ते आठवेना. वहीत शोधलं, १९ जानेवारीनंतर कुठेच नाही. पण आज सात वाजता चौतीस लिटर आहेत, म्हणजे बाईसाहेब मजेत आहेत. रविवारी नक्की करतो.

१४ फेब्रुवारी
काकूंचा फोन आला. त्या दहा दिवस लेकीकडे होत्या, आज परतल्या.
आई गेली.

२० फेब्रुवारी
सगळं उरकून परत आलो. न्हाणीघराच्या दारात पडली होती. डॉक्टर म्हणाले, निदान आठ दिवस झाले असतील. मी त्यांच्याशी भांडलो. काल सकाळीच तिने आंघोळ केली आहे, मी स्वतः पाहिलंय, असं त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होतो. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि पाणी दिलं.

आज आल्या आल्या जुने आकडे काढले. सहा दहा, सात, साडेआठ, पाच. आठही दिवस. एकही चुकलेला नाही. आणि काकू तर म्हणाल्या की भांडी कोरडी ठणठणीत होती, कुंड्यांची माती तडकली होती. त्यांनी आणखी एक सांगितलं. आई सकाळी हात पुसून फोनजवळ खुर्ची घेऊन बसायची. हे मला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. मला माझीच लाज वाटते.

निघताना मुख्य व्हॉल्व्ह मी स्वतः बंद केला, दाराला कुलूप घातलं. तिचा फोन बरोबर आणलाय. बॅटरी संपलेली आहे. कपाटात ठेवलाय.

२२ फेब्रुवारी
सात वाजता चौतीस लिटर.
किल्ली माझ्या खिशात आहे. फिटर बाहेरूनच मीटर आणि व्हॉल्व्ह बघून आला. मीटर चांगला, व्हॉल्व्ह घट्ट बंद, आत काही आवाज नाही. गळतीसाहेब पहिल्यांदाच एका वाक्यात थांबले: उद्या पुन्हा बघू.

२३ फेब्रुवारी
भीती वाटते, आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही. साडेआठला प्रवाह सुरू झाला, भांड्यांची वेळ. काय वाटलं कोणास ठाऊक, मी तिचा नंबर लावला. फोन बंद आहे, असं यंत्र सांगू लागलं. पण पडद्यावर प्रवाह थांबला होता. मी फोन ठेवला. पाणी पुन्हा सुरू.
तीनदा करून पाहिलं. तीनदा तेच. फोन वाजतोय का ते ऐकायला ती नळ बंद करते.

२५ फेब्रुवारी
कुलूपबंद घरात पाणी चालू, म्हणजे नियमाने ते इथून तोडायचं. गळतीसाहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. हळू आवाजात म्हणाले, तुझ्याच्याने होणार नसेल तर मी करतो. मी म्हटलं, नको, मीच.
भांडी चालू होती. बटण दाबलं. रेघ सपाट झाली.
तिला अर्ध्यातच — काम हातात असताना —

२६ फेब्रुवारी
सात वाजता आईकडे शून्य.
माझ्या खोलीच्या मीटरवर चौतीस लिटर. मी ऑफिसात होतो.

२७ फेब्रुवारी
खोलीवर आलो. न्हाणीघर ओलं. सकाळचा माझा उष्टा कप धुऊन पालथा घातलेला.
जेवण गेलं नाही. रडू आलं — भीतीने की कशाने, कळत नाही.

२८ फेब्रुवारी
रजा घेतली. सकाळपासून खोलीवरच. ऊन आहे. साडेआठ —
स्वयंपाकघरात नळ सुटलाय. भांड्यांचा आवाज. दार अर्धं लोटलेलं. मी उठत नाही — उठवत नाही —
तिला एकच सांगायचंय. माझं चुकलं. तिच्यासमोर जाऊन सांगायचं धैर्य नाही. फोनवर सांगेन.
तिचा फोन कपाटातून काढून टेबलावर ठेवलाय. बॅटरी संपलेलीच. पडदा काळा.
नंबर लावतो —

नळ बंद झाला.

टेबलावरचा फोन काळाच — पण माझ्या कानात — यंत्र बोलत नाही — कोणी तरी उचललाय —
थांब, म्हणाली. हात ओले आहेत —
खसखस. फडक्याची. इतका वेळ — इतकं पाणी —
आई, पूस सावकाश, मी आहे, मी ठेवत नाही —
खसखस थांबली. स्वयंपाकघराचं दार —